किटलीचं झाकण

किनुयोला चहा द्यायचा म्हणजे यजमानाची परीक्षाच. कुणाच्याही घरी गेली की पेल्याला हात लावायच्या आधी ती किटलीचं झाकण उचलायची, भिजलेल्या पानांकडे निरखून बघायची आणि एखादं पान बोटावर उलगडून तोंडावर सांगायची, "गेल्या वर्षीचा आहे. डब्याचं झाकण घट्ट लावत जा." जपानातल्या उजितावाराच्या त्या डोंगराळ मुलखात घरोघरी चहाचाच धंदा, तरी हिला चहा वाढताना भल्याभल्यांचे हात कापत. एकदा तर तिने श्राद्धाच्या जेवणात हा उद्योग केला होता, आणि मेलेल्या माणसाच्या भावाने निमूटपणे आत जाऊन दुसरा चहा आणला होता.

सबंध गावात एकच घर असं होतं, जिथे ती झाकण उचलत नसे. ते घर तोमिएचं.

तोमिए ही होशिदांच्या चहाच्या पेढीची मालकीण, आणि किनुयो त्याच पेढीत चहाचा मेळ घालणारी. दोघी एकाच वसंतात या घरात आल्या होत्या, एकोणीस वर्षांच्या. तोमिए सून म्हणून आली आणि किनुयो पानांतल्या काड्या निवडायला. तोमिएच्या सासऱ्यांनी आठवडाभरात ओळखलं, की सुनेला हिशेब कळतो आणि या काड्या निवडणाऱ्या पोरीला चहा कळतो. त्यांनी दोघींना आपापल्या कामाला लावलं आणि ते निर्धास्त मेले. दोघींना येऊन आता सत्तेचाळीस वर्षं झाली होती.

मेळ घालणं म्हणजे काय, हे गिऱ्हाईकाला कळलं नाही तरच ते काम चोख झालं म्हणायचं. दर वसंतात चाळीस बागांचा माल पेढीवर येतो आणि चाळीस बागा चाळीस तऱ्हांच्या. नदीकाठचा चहा मऊ, पण लवकर विझणारा. वरच्या उतारावरचा आधी कडवट लागतो आणि घोट गिळल्यावर मागून गोड होतो. कुणाचा वास चढा असतो, तर कुणाला वासच नाही पण जिभेवर भरणारं अंग आहे. हे सगळं अशा बेताने एकत्र करायचं, की क्योतोतल्या म्हातारीने पहिला घोट घेऊन म्हणावं, होशिदांचा चहा काही बदलत नाही बाई.

त्यासाठी किनुयो रोज सकाळी उत्तरेच्या खिडकीखाली पांढऱ्या वाट्या मांडायची. प्रत्येक वाटीत चिमूटभर पान टाकायची आणि वरून खळखळ उकळतं पाणी ओतायची. घरी असा चहा कुणी करत नाही, पण उकळतं पाणी पानाची सगळी पापं वर आणतं. जाळीच्या चमच्याने ती पानं उचलायची, नाकाशी न्यायची, मग सुर्रकन घोट ओढायची आणि पिंकदाणीत टाकायची. मार्च ते जून तिच्या घरात लसूण नाही, कांद्याची पात नाही, वासाचा साबण नाही. तिच्या नवऱ्याला, देव त्याचं भलं करो, लसणाच्या करंज्या फार आवडत. त्या चार महिन्यांत तो बिचारा स्टेशनजवळ जाऊन खायचा, दात घासायचा आणि वर तासभर अंगणात वारा खात बसायचा, तेव्हा त्याला घरात घेतलं जाई. आठ वर्षांपूर्वी तो गेला. त्या वर्षी किनुयोने मे महिन्यात त्याच्या फोटोपुढे लसणाच्या करंज्या ठेवल्या. असं तिने एकदाच केलं.

तर अशा बाईचं नाक फेब्रुवारीत गेलं.

चार दिवस ताप आला, उतरला. पाचव्या दिवशी तिने सवयीने चहाचा डबा उघडून नाकाशी धरला, तर काहीच नाही. कागद हुंगावा तसं. तिने उदबत्ती लावली, मुळ्याचं लोणचं तोंडात टाकलं. दाताखाली कुरकुर झाली, तेवढंच कळलं. ती तशीच घरातल्या चपलांवर तोमिएकडे गेली आणि तिच्या स्वयंपाकघरात बसून लहान मुलीसारखी रडली.

"अगं, रडतेस काय वेड्यासारखी!" तोमिए म्हणाली. "गेलंय ते येईल परत. नाही आलं तर आपण शोधून आणू."

आणि खरोखरच तिने शोधून आणलं. रोज दुपारी ती मागचं दार लावून घ्यायची, दहा डबे मांडायची आणि एकेक किनुयोच्या नाकाखाली धरायची. आज काही आलं? नाही? बरं, उद्या. असे एकवीस दिवस गेले. बाविसाव्या दिवशी तोमिएने तव्यावर जाड्या पानांचा चहा भाजायला घेतला आणि किनुयो एकदम म्हणाली, "तोमी, जळतोय तो." तोमिएने टाळ्या पिटल्या, तवा तसाच जळू दिला. पुढच्या आठवडाभरात सगळे वास एकेक करून घरी परतले.

"हे या भिंतींबाहेर जाणार नाही," तोमिए म्हणाली होती. किनुयोने तिला शपथ घ्यायला लावली नाही. तिला तशी गरजच वाटली नाही.

आता तोमिएचा मुलगा हिदेतो. हा अडतीस वर्षांचा, कोबेच्या एका पेयांच्या कंपनीत प्रयोगशाळेत होता. दोन वर्षांपूर्वी तो पेढी सांभाळायला परत आला, आणि येताना पानातला गोडवा आकड्यांत सांगणारं एक यंत्र घेऊन आला. मुलगा वाईट नव्हता. कष्टाळू होता, नम्र होता, किनुयोला मावशी म्हणायचा. एप्रिलमध्ये सगळ्या कामगारांसमोर त्याने विचारलं, "मावशी, या वर्षीचा मेळ मी घालून बघू?"

"घाल ना," किनुयो म्हणाली. "मी मेल्यावर घाल."

सगळे हसले. हिदेतोही हसायला हवा होता, पण तो हसला नाही. किनुयोने तिकडे लक्ष दिलं नाही. तिची जीभ चहापुरती तल्लख होती, माणसांच्या बाबतीत ती कायमच जरा सैल सुटायची.

मेच्या पहिल्या आठवड्यात, नवा माल यायच्या आदल्या दिवशी, पेढीत पाच पेल्यांचा खेळ होई. सासऱ्यांनी घालून दिलेला रिवाज होता. पाच जातींचा चहा पाच तबकांत मांडलेला असे. सगळ्यांनी कोरडी पानं बघायची, हुंगायची. मग आतल्या खोलीत तोच चहा कुठल्याही क्रमाने करून एकेक फेरी वाढली जाई. प्रत्येकाकडे पाच लाकडी पट्ट्या. फूल म्हणजे उजीचा, याच मुलखातला, सावलीत वाढवलेला ग्योकुरो. पाखरू म्हणजे यामेचा ग्योकुरो. वारा म्हणजे उजीचा सेन्चा, उघड्या उन्हातला. चंद्र शिझुओकाचा सेन्चा आणि पाहुणा कागोशिमाचा. चहा प्यायचा, ओळखायचा आणि त्या नावाची पट्टी आपल्या पेटीच्या फटीत टाकायची. टाकलेली पट्टी परत काढता येत नाही. पाचही पेले होईपर्यंत बोलायचं नाही आणि किटलीचं झाकण उचलायचं नाही. रंगावरून कळू नये म्हणून पेले आतून काळे असत. ज्याच्या पट्ट्या जास्त बरोबर, त्याने नवं पहिलं पोतं उघडायचं आणि त्या वर्षीचा मेळ घालायचा. एकतीस वर्षं पहिलं पोतं किनुयोनेच उघडलं होतं, त्यामुळे हा सगळा नुसता आनंदाचा सोहळा होऊन बसला होता.

या वर्षी चौघं बसली. किनुयो, हिदेतो, डोंगरावरचा बागवाला गेन्झो, आणि क्योतोचे जुने गिऱ्हाईक किताओजी. वाढायला तोमिए.

"या खेपेला प्रत्येकाला वेगळी किटली देते," तोमिए म्हणाली. "मोठ्या किटलीतला शेवटचा पेला नेहमी कडू होतो. गेन्झो दरवर्षी कुरकुरतात."

"कुरकुरतो कुठे? मी रडतो," गेन्झो म्हणाला. "किनुयोताईंच्या शेजारी बसून हरायचं, ते तरी चांगल्या चहाने हरू द्या."

किनुयोने कोरडी पानं बघितली. उजीचा ग्योकुरो हिरवा, काळपट, त्याला समुद्रातल्या शेवाळाच्या कढणाचा वास. यामेचा त्याहून जड, पोटात खोल उतरणारा, त्यात भाजलेल्या चेस्टनटची सावली. शिझुओकाचा बारीक चुऱ्याचा, वाफ जास्त दिलेला, पेल्यात दाट होणारा. कागोशिमाचा उघडाबोडका हिरवा, उकडलेल्या कोवळ्या शेंगांसारखा गोड, लगेच मैत्री करणारा. आणि उजीचा सेन्चा सडसडीत, सुईसारख्या पानाचा, आधी अलिप्त वाटणारा आणि मग मागून हाक मारणारा. या पाचांत तिची गफलत व्हायची, तर झोपेतच व्हायची.

पहिला पेला आला. घोट घेताच तिने ओळखलं. उजीचा सेन्चा. तिने 'वारा' पेटीत टाकला.

दुसरा पेला आला. घोट घेतला आणि ती थबकली. परत तोच. तिने जिभेवर घोळवला, नाकावाटे श्वास सोडून बघितला. तेच अंग, तीच कडवट सुरुवात. असं होणार नाही. एक चहा दोनदा येत नाही, रिवाजच नाही तसा. मग हा शिझुओकाचा असणार. असायलाच हवा. तिने 'चंद्र' टाकला, पण बोटं फटीपाशी जरा रेंगाळली.

तिसऱ्या फेरीत शेजारच्या गेन्झोच्या पेल्यातून शेवाळाचा स्वच्छ वास आला. गेन्झो समाधानाने ओठ मिटून बसला होता. किनुयोने आपला पेला उचलला. त्यात शेवाळ नव्हतं, समुद्र नव्हता. पुन्हा तोच सडसडीत डोंगर. मग तिला फेब्रुवारी आठवला. जीभ गेली. नाक गेलं. शेजारचा तो वासही खरा नसेल, आठवणीतूनच येत असेल. आजारातून उठल्यावर तिला दोनदा असे नसलेले वास आले होते. तिने 'पाहुणा' टाकला.

आता हातात फूल आणि पाखरू उरले होते. दोन्ही ग्योकुरो. ग्योकुरो आणि सेन्चा यांतला फरक या गावात बालवाडीतलं पोरही सांगेल.

चौथा पेला तिने दोन्ही हातांनी उचलला. घोट घेतला. सेन्चा. उजीचा सेन्चा.

तिने मान वर केली. तोमिए समोरच बसली होती, किटलीच्या मुठीवर अंगठा ठेवून. दोघींची नजरानजर झाली. तोमिए हलकं हसली, डब्यांच्या त्या एकवीस दुपारी हसायची तशी. सावकाश घे, असं सांगणारं हसू. त्या हसण्यानेच किनुयोचा निकाल लागला. किटलीत चूक आहे असं म्हणायचं, तर ती तोमिएची चूक म्हणायची, आणि तोमिएच्या हातून चूक होत नाही. म्हणजे चूक आपल्याच तोंडात आहे. तिने 'फूल' टाकलं. पाचव्या पेल्याला तिने फक्त ओठ लावले आणि 'पाखरू' टाकलं. ती पट्टी पेटीच्या तळाशी पडल्याचा आवाज तिला फार मोठा वाटला.

हिदेतोने पेट्या उघडल्या. गेन्झोचे तीन बरोबर, किताओजींचे तीन, त्याचे स्वतःचे पाच. किनुयोची पेटी उघडून त्याने पाचही पट्ट्या चटईवर ओळीने मांडल्या आणि दोन्ही हात टेकून वाकला.

"मावशी, माफ करा," तो म्हणाला. "तुमच्या किटलीत पाचही वेळा उजीचा सेन्चाच होता."

ऐकल्यावर किनुयोला आधी काय वाटलं असेल? आनंद. खरंच, श्वासभर तिला इतका आनंद झाला, की ती हसणारच होती. नाक शाबूत आहे! जीभ शाबूत आहे! पाचही वेळा तोच होता आणि पाचही वेळा मला तोच लागला!

पुढच्या श्वासाला तिच्या मनात आलं, की किटली कुणी भरली?

तिने तोमिएकडे बघितलं. तोमिए आधीच कोरडा झालेला पेला पुसत होती.

"म्हणजे काय?" गेन्झो उसळला. "फसवलंत होय तिला? ही काय थट्टा लावलीय?"

"फसवलं नाही, तपासलं," हिदेतो पाठ केल्यासारखं म्हणाला. "फेब्रुवारीत मावशींचं नाक तीन आठवडे गेलं होतं. त्यांनी कुणालाही कळू दिलं नाही. चाळीस बागवाल्यांची वर्षाची मेहनत ज्यांच्या हवाली करायची, त्यांना पाच वेळा एकच चहा ओळखता येत नाही, तर आम्ही काय करायचं? तुम्हीच सांगा, गेन्झोसान. तुमचाच माल आहे."

किताओजींनी पेला खाली ठेवला. "फेब्रुवारीतली गोष्ट खरी का, किनुयोबाई?"

फेब्रुवारी. मागचं दार लावलेलं स्वयंपाकघर, दहा डबे, आणि दोनच माणसं.

"खरी," किनुयो म्हणाली.

तिने आणखी बरंच काही बोलायला हवं होतं. तिच्याकडे पुरावा होता, तोही जिभेवर. पण तो सगळ्यांसमोर ठेवायचा, तर तोमिएचं नावही सगळ्यांसमोर घ्यावं लागणार होतं, आणि केसाने गळा कापणारीचं नाव घ्यायला जो आवाज लागतो तो तिला त्या क्षणी सापडेना. ती उठली, सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि आत स्वयंपाकघरात गेली. तिचा जाळीचा चमचा तिथे खुंटीवर होता. तो तिला घ्यायचा होता.

मागून तोमिए आली आणि तिने दार सरकवून घेतलं.

"किनु, बैस ना जरा."

किनुयो उभीच राहिली.

"तो परत कोबेला निघाला होता गं," तोमिए भराभरा बोलू लागली. "बॅग भरली होती. म्हणाला, मावशी असेपर्यंत इथे मला काम नाही. मी एकटी काय करणार होते या एवढ्या घरात? आणि तू काही स्वतःहून उठणारी नाहीस. मी मेल्यावर घाल म्हणालीस, सगळ्यांसमोर. आणि मलाही वाटलंच होतं, की तुझं नाक काही पुरतं परत आलेलं नाही. तू लपवतेयस, असं वाटायचं. खरं सांगते."

"गेन्झोच्या वरच्या बागेतला," किनुयो म्हणाली.

"काय?"

"तो सेन्चा. विहिरीच्या वरच्या अंगाच्या सहा ओळी आहेत ना, तिथला. गेल्या वर्षी खुडणीच्या दुसऱ्या दिवशी काढलेला, हिवाळाभर मडक्यात राहिलेला. दुसऱ्या पेल्याला तू पाणी जरा निवू दिलंस. आणि चौथ्याला पान नेहमीपेक्षा कमी टाकलंस. हात कापत होता का तुझा?"

तोमिएच्या तोंडावरचा रंग उतरला. ती हळूच खाली बसली. "म्हणजे तुला कळलं होतं."

"पहिल्या घोटाला."

"आणि पुढे?"

"पाचही वेळा कळलं."

"मग बोलली का नाहीस?" तोमिए जवळजवळ ओरडली. "अगं, एक शब्द बोलली असतीस! तू नुसतं म्हणाली असतीस ना, की हा तोच चहा आहे, तर मी तिथल्या तिथे त्याचे कान उपटले असते. मी वाट बघत होते, किनु! प्रत्येक पेल्याला वाट बघत होते!"

"वाढत तू होतीस," किनुयो म्हणाली.

बाहेर गेन्झो कुणाला तरी मोठ्याने काहीतरी सांगत होता.

"मी जाते आणि सांगते त्यांना," तोमिए उठू लागली. "आत्ताच सांगते. सहा ओळींचं, पाण्याचं, सगळं. गेन्झोला लगेच पटेल."

"नको. पोतं हिदेतोलाच उघडू दे."

"वेडी आहेस का?"

"स्वतःच्या जिभेपेक्षा जिला दुसऱ्याच्या हाताचा भरवसा जास्त वाटला, तिने मेळ घालू नये तेच बरं. एवढं तुझ्या मुलाचं बरोबर आहे." हे ती शांतपणे बोलली, पण तिचा राग गेला नव्हता, जाणारही नव्हता. सत्तेचाळीस वर्षांत ती तोमिएशी कधी इतक्या शांतपणे बोलली नव्हती. दोघी भांडत तेव्हा सगळ्या पेढीला ऐकू जाई.

तोमिएला दुसरं काही सुचलं नाही, म्हणून तिने तेच केलं, जे ती या स्वयंपाकघरात रोज दुपारी करत आली होती. वरच्या फळीवरून तिने घरचा डबा काढला. परसातल्या आठ झुडपांचा ग्योकुरो, पेढीत कधी न विकलेला, दोघींनी मिळून खुडलेला. पाणी तीन भांड्यांत फिरवून निवू दिलं. किटलीत ओतलं. थांबली. मग दोन पेल्यांत आलटून पालटून, शेवटच्या थेंबापर्यंत सारखं वाटलं.

"आपला घरचाच आहे," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. "एवढा घेऊन जा."

किनुयो बसली. पेला समोर होता. त्यातून शेवाळाचा आणि कोवळ्या पानाचा दाट वास येत होता, आणि तो कुठल्या झुडपांचा आहे हे तिला पेला न उचलताही कळत होतं.

तिने हात पुढे केला, किटली जवळ ओढली आणि झाकण उचलून आत बघितलं.

तोमिए बघत राहिली. किनुयोने एक पान बोटावर घेतलं, उलगडलं, उजेडाकडे धरलं. चहा तोमिएने सांगितला तोच होता.

तिने झाकण परत ठेवलं आणि मग चहा प्यायला.